नोव्हाला होली बसवण्याआधी

नवा कार्बोरेटर खोक्यातून काढून टेबलावर ठेवला की हात शिवशिवतात. तरी तो तिथेच राहू द्या. आधी गाडी नेमकी काय आहे ते स्पष्ट करू. 1970 ची शेव्हरोले नोव्हा, 350 घनइंचाचं व्ही-8 इंजिन. वरचा रोचेस्टर कंपनीचा क्वाड्राजेट कार्बोरेटर जाऊन तिथे होली कंपनीचा 600 सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा घेणारा) येणार, खाली तीन गिअरच्या टर्बो 350 गिअरबॉक्सच्या जागी चार गिअरचा ऑटोमॅटिक 700आर4. गिअरबॉक्स चढवून झाला आहे आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) तीनेक इंच कापून आणला आहे, असं धरतो. आमच्या मिशिगनमध्ये ही कामं हिवाळ्यातच निघतात. गाडी तशीही एप्रिलपर्यंत बाहेर पडत नाही.

600 सीएफएम पुरेल का, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. 350 घनइंचाला मिनिटाच्या 5500 फेऱ्यांनी गुणा, 3456 ने भागा, 557 येतात. तेही इंजिन शंभर टक्के श्वास घेतं असं मानून, आणि रस्त्यावरचं इंजिन तेवढा घेत नाही. 750 चा कार्बोरेटर मित्रांना दाखवायला छान.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा, आणि जुनं लिंकेज (पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतचे दांडे आणि तारा) सोडायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती हे आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही. क्वाड्राजेटची मागची दोन तोंडं मोठी असतात, होलीची चारही जवळपास सारखी. त्यामुळे मॅनिफोल्ड (कार्बोरेटर ज्यावर बसतो तो इंजिनवरचा भाग) होलीच्या जातीचा आहे का ते बघा, नाहीतर मध्ये ॲडाप्टर लागेल. गॅस्केट ठेवून कार्बोरेटर नुसता टेकवा आणि हाताने थ्रॉटल (कार्बोरेटरमधली हवेची झडप) पूर्ण उघडा. तिची पाकळी गॅस्केटला घासत असेल तर ते आत्ताच कळू दे. नट आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा; जोर लावलात तर बैठक वाकते. पेट्रोलचा दाब 5 ते 7 पीएसआयमध्ये हवा. एअर क्लीनर ठेवून बॉनेट बंद होतं का, हेही पाहून ठेवा.

आता पेडल. इंजिन बंद ठेवून एकाला आत बसवा, पाय पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही वरून बघा. थ्रॉटल स्टॉपला टेकला पाहिजे. नवीन जाड कार्पेट घातलेल्या गाड्यांत तो बहुतेकदा टेकत नाही. परत ओढणाऱ्या स्प्रिंगा दोन हव्यात, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. गिअरबॉक्सच्या केबलचा ताण यात धरू नका. पेडल नीट झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचं सगळं माप त्यावरूनच निघतं.

या कामात सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे टीव्ही केबल. टेलिव्हिजनशी संबंध नाही, ही थ्रॉटल व्हॉल्व्हची तार. टर्बो 350 हाताळलेले लोक हिला हमखास हलक्यात घेतात, आणि त्यात त्यांची फार चूक नाही. त्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या डबीने ठरतो आणि केबल फक्त पाय दाबल्यावर खालचा गिअर टाकते. ती ढिली राहिली तर किकडाउन मिळत नाही, एवढंच. 700आर4 मध्ये व्हॅक्यूमची ती डबी नाहीच. गिअर कधी बदलायचा आणि गिअरबॉक्सच्या आतले क्लच किती दाबाने धरायचे, दोन्ही ही एकच तार सांगते. ती ढिली असली की पायाखाली जोर असतानाही आत दाब कमी राहतो, क्लच घसरतात, आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच आधी जळतो. "थोडी चालवून बघू, मग जुळवू" म्हणत मी एकदा चौकापर्यंत जाऊन आलो होतो. तेलाला करपलेल्या दुधासारखा वास होता.

म्हणून केबल अडकवल्यावर कार्बोरेटरच्या टोकाने ओढून बघा. स्प्रिंगचा एकसारखा विरोध जाणवला पाहिजे. लुळी पडली असेल तर गिअरबॉक्सच्या आत तार नीट हुकात अडकलेली नाही. होलीच्या थ्रॉटलच्या दांड्यावरची पिन क्वाड्राजेटच्या जागी नसते, त्यामुळे केबल प्रमाणात ओढली जात नाही. पिनेची जागा दुरुस्त करणारी पट्टी आणि तिच्याबरोबरचा ब्रॅकेट आधीच मागवून ठेवा, घरी वेल्डिंग करत बसू नका. मग केबलच्या डोक्यावरचं बटण दाबून सरकता भाग फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) पूर्ण मागे ढकला, बटण सोडा आणि थ्रॉटल एकदा पूर्ण उघडा. कटकट आवाज करत ती स्वतः जुळते. पूर्ण थ्रॉटलला केबल पूर्ण ओढलेली, आयडलला (पेडल सोडलेलं असताना) सरळ पण ताणलेली नाही, अशी हवी. तरीही डोळ्यांवर भरवसा नको. गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला दाब मोजायचं भोक आहे, तिथे 300 पीएसआयचा गेज लावा. इंजिन चालू असताना केबल हाताने ओढली की काटा लगेच वर जायला हवा. ओढून काटा हलत नसेल तर चाकं जमिनीला लावायची नाहीत.

शिफ्टरच्या (आतल्या गिअरच्या दांड्याच्या) जुन्या पट्टीला सहा खाचा असतात, नव्या गिअरबॉक्सला सात जागा लागतात. पट्टी बदला. गिअरबॉक्सचा दांडा पार्कच्या टोकापासून दोन खटके मोजून न्यूट्रलला आणा, शिफ्टर न्यूट्रलला, आणि मधली सळई कुठेही न ओढता घट्ट करा. स्टार्टर पार्क आणि न्यूट्रलमध्येच फिरला पाहिजे. सायलेन्सरच्या पाइपांपासून टीव्ही केबल लांब बांधा. टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपची (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या यंत्रणेची) वायर ब्रेकच्या स्विचमधून नेली आहे ना, तेही पाहा.

कॉटर पिना (सांधे निसटू नयेत म्हणून घालतात त्या दुमडत्या पिना) दोन जास्तीच्या खिशात ठेवा. एक तरी मॅनिफोल्डखाली पडते आणि मग सापडत नाही.