हीटवेव्हमध्ये घरच्या माणसांना कसं सांभाळायचं (विदर्भातल्या उन्हातून शिकलेलं)

आमच्याकडे अकोला, नागपूर, चंद्रपूरला 45 डिग्री म्हणजे बातमी पण नसते, आणि म्हणूनच लोक म्हणतात की आम्हाला सवय आहे ऊन सोसायची. पण आता जे चाललंय ते वेगळं आहे. 2024 साली जगाचं सरासरी तापमान कारखानदारीच्या आधीच्या काळापेक्षा साधारण दीड डिग्रीने वर गेलं, जागतिक हवामान संघटनेने तसं जाहीर केलंय. दीड म्हणजे काय मोठं असं वाटतं, पण सरासरी एवढीशी सरकली की अतितापाचे दिवस भराभर वाढतात आणि रात्री पण गार होत नाहीत. खरा घात या रात्रीच करतात. दिवसभर तापलेलं शरीर रात्री सावरतं, रात्रीच सावरायला मिळालं नाही तर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी म्हातारं माणूस घरात बसल्या बसल्या आजारी पडतं, उन्हात पाऊल न टाकता. 2003 च्या युरोपातल्या उन्हाळ्यात सत्तर हजारांवर माणसं गेली, त्यात एकटे राहणारे म्हातारे खूप होते.

पहिलं काम, सकाळी हवामान खात्याचा अलर्ट बघा. आपल्याकडे मैदानी भागात 40 च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त असलं की उष्णतेची लाट म्हणतात, 45 ला गेलं की तसंही लाटच. किनाऱ्यावर मात्र 37 पासूनच धरतात, कारण मुंबई कोकणात दमटपणामुळे घाम वाळतच नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. त्यामुळे "इथं तर 38 च आहे" असं म्हणून गाफील राहू नका, एप्रिल 2023 मध्ये खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात 14 माणसं गेली तेव्हा पारा काही 45 ला नव्हता. आणि बातम्यांत सांगतात ते तापमान सावलीतलं, हवेशीर पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचं असतं. उन्हातल्या पत्र्याखाली, रोडवर, चुलीपाशी त्यापेक्षा खूप जास्त असतं.

आता घर. रात्री अकरा वाजता भिंतीवर, जमलं तर स्लॅबवर पण हात ठेवून बघा, अजून चटका लागत असेल तर त्या खोलीत आजी-आजोबांना झोपवू नका, खाली किंवा दुसऱ्या खोलीत आणा. गच्चीवर चुना मारला तर फरक पडतो, पांढरा रंग ऊन परत फेकतो. अहमदाबादला 2010 च्या मे महिन्यात फार माणसं गेली, त्यानंतर 2013 साली त्यांनी हीट ॲक्शन प्लॅन केला आणि पुढे झोपडपट्टीतली छपरं पांढरी करायचं काम पण त्यात घेतलं. पत्र्याचं घर असेल तर चुना नक्की मारा, वर तुराट्या किंवा ओली पोती टाकली तरी चालतं. खिडक्या सकाळी नऊनंतर बंद, पडदे ओढून, आणि रात्री बाहेरची हवा गार झाली की उघड्या.

कूलरबद्दल दोन गोष्टी सांगतोच. एक म्हणजे समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, सगळं बंद करून कूलर लावला की खोली दमट होते आणि उलट जास्त गुदमरायला होतं. दुसरं म्हणजे अर्थिंग तपासून घ्या, कूलरचा शॉक लागून दरवर्षी आमच्याकडे कुणी ना कुणी जातं, पाणी टाकताना प्लग काढूनच टाका, फक्त बटण बंद करून नाही. आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करा, साचलेल्या पाण्यात डेंगूचा डास आठ दहा दिवसांत तयार होतो. मुंबई कोकणात कूलर घेऊच नका, तिथल्या दमट हवेत तो काम करत नाही. पंख्याचं पण तसंच, खोलीतलं तापमान 40 च्या वर गेलं की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसत राहा.

पाणी तहान लागायची वाट न बघता प्यायचं. म्हाताऱ्या माणसांना तहानच कळत नाही त्यामुळे त्यांच्या हातात ग्लास द्यावा लागतो. माठातलं पाणी, ताक, पन्हं, नाचणीची आंबील, लिंबू सरबत हे सगळं उत्तम. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. खूप घाम गाळणाऱ्याला घरचं ओआरएस द्या, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा घ्या, मीठ जास्त टाकू नका. हृदयाचे, किडनीचे, बीपीचे पेशंट असतील तर पाणी आणि मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही मानसिक आजाराच्या गोळ्या आणि सर्दीच्या काही गोळ्या उन्हाळ्यात त्रास वाढवू शकतात, पण मनाने बंद करू नका, उन्हाळा लागायच्या आधीच डॉक्टरला चिठ्ठी दाखवून विचारून घ्या.

शेतात, बांधकामावर, डिलिव्हरीला जाणाऱ्यांसाठी सांगायचं तर सगळ्यात जास्त धोका पहिल्या काही दिवसांतच असतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण आठवडा दोन आठवडे लागतात, त्यामुळे सुट्टीवरून किंवा आजारपणातून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण काम देऊ नका, थोडं थोडं वाढवा. मुकादम, मालक असाल तर हे तुमच्या हातात आहे, दुपारी बारा ते चार काम थांबवा, सकाळी लवकर सुरू करा. डोक्याला शेला, दुपट्टा बांधा, शक्य असेल तेव्हा तो ओला करा, सैल सुती पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऊन लागलेलं माणूस आधी थकतं, डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात, घाम भरपूर येतो. अशाला सावलीत आडवं करा, पाणी आणि ओआरएस पाजा, बहुतेकदा बरं होतं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, फिट आली, नाव विचारलं तर सांगता येईना, आणि अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं धरू नका, काम करता करता कोसळणाऱ्याला घाम असतो. लगेच 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हात बांधून उभे राहू नका, त्याच मिनिटाला गार करायला लागा. कपडे सैल करा, अंगावर मिळेल ते पाणी ओता, पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घाला, मान, काखा, जांघ इथं बर्फ नाहीतर ओली फडकी ठेवा. जवळ हौद असेल तर तरुण माणसाला त्यात बसवता येतं, डोकं वर धरून आणि माणूस शेजारी ठेवून. आधी गार आणि मग गाडीत घाला, गाडीत पण ओतणं चालू ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉल देऊ नका, उष्माघाताच्या तापावर ती काम करत नाही आणि तेव्हा लिव्हरवर आधीच ताण असतो. पायाखाली कांदा ठेवणं वगैरे करायचं असेल तर नंतर कधीतरी करा, त्यात मिनिटं घालवू नका.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा, किती वेळ उन्हात होता, बोलणं कधी बिघडलं, आणि रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत, पाकीट सोबत न्या.