टी सेलचं खेचून बघणं पोरांना कसं शिकवायचं

बीएस्सीला इम्युनॉलॉजी शिकवताना टी सेलचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीचा, रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि अँटीजन, म्हणजे तिने ओळखायचा तुकडा, म्हणजे किल्ली एवढ्यावर थांबू नका, कारण मग एखादं पोरगं विचारतंच की सर, आपल्या प्रोटीनचा तुकडा आणि व्हायरसचा तुकडा एकाच एमएचसीवर, म्हणजे पेशीवर तुकडे मांडून दाखवणाऱ्या प्रोटीनवर, बसतात, दिसायला जवळपास सारखे, मग टी सेलला फरक कळतो कसा? ती नुसती टेकून बघत नाही, धरते आणि खेचून बघते, आणि सुरुवात इथूनच करायची.

सोलापुरात हे सांगायला अवघड नाही. चादरीचा माग चालू करायच्या आधी कारागीर उभ्या धाग्यांवर तळहात फिरवतो, हलकं दाबतो, ढिला धागा डोळ्याला दिसायच्या आधी हाताला लागतो. पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या पोरांनी हे घरीच बघितलेलं असतं, त्यांनाच बोलतं करा.

मग बोटांचा प्रयोग. दोघांना समोरासमोर उभं करा, तर्जनी आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवायला सांगा. हात सैल ठेवले की बोटं निसटतात, जरा ओढलं की घट्ट बसतात, फार जोरात हिसका दिला की सुटतात. यालाच कॅच बाँड म्हणतात. साधा बाँड ओढला की लवकर तुटतो, पण टीसीआर (टी सेलचा रिसेप्टर) आणि योग्य अँटीजन यांची पकड साधारण 10 पिकोन्यूटन ओढीला उलट जास्त वेळ टिकते, चुकीच्या तुकड्याची तेवढ्याच ओढीला पटकन सुटते. पकड टिकली तर आतल्या बाजूला सिग्नल सुरू होतो, कॅल्शियम वाढतं. 10 पिकोन्यूटन म्हणजे किती हे जरूर सांगा, एका ग्रॅमच्या वजनाचा शंभर कोटीवा भाग!

आता खेचतं कोण, तर अ‍ॅक्टिन, पेशीच्या आतलं धागे बनवणारं प्रोटीन. इथे घाई करू नका, फळ्यावर आकृती काढाच. टी सेल समोरच्या पेशीला चिकटली की भाकरी थापल्यासारखी पसरते, कडेला अ‍ॅक्टिनचे धागे, जेमतेम 7 नॅनोमीटर जाडीचे, सतत वाढत राहतात आणि मधल्या बाजूला सरकत राहतात, सरकताना रिसेप्टरना सोबत ओढतात, मायोसिन हे दुसरं प्रोटीन ते धागे आवळतं. बाण कडेकडून मध्याकडे, पोरं उलटा काढतात, तिथे थांबून दुरुस्त करा. लॅट्रुन्क्युलिन हे रसायन टाकून अ‍ॅक्टिन मोडलं तर रिसेप्टर जागेवर असूनही सिग्नल नीट चालत नाही, एवढा एक मुद्दा वहीत लिहून घ्यायला लावा.

समोरचा पृष्ठभाग मऊ की कडक यानेही प्रतिसाद बदलतो, पण कडक म्हणजे नेहमी जास्त असं सरसकट सांगू नका, वेगवेगळ्या प्रयोगांत वेगवेगळं दिसलंय.

आणि विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम सोडू नका, माझ्या मते अख्ख्या टॉपिकचा जीव त्यात आहे. विस्कॉट या डॉक्टरने 1937 मध्ये वर्णन केलेला आजार, जीन एक्स क्रोमोसोमवर म्हणून मुख्यतः मुलग्यांना होतो, प्लेटलेट कमी, अंगावर इसब, सारखी इन्फेक्शन्स. त्या लेकरांच्या टी सेलला रिसेप्टर असतो, पण अ‍ॅक्टिनची जुळणी सुरू करून देणारं प्रोटीन बिघडलेलं असतं. शिकवताना मघाचीच आकृती परत काढा, रिसेप्टर तसाच ठेवा आणि कडेचे धागे डस्टरने पुसून टाका.