इंग्रजी ‘हॅव’ हंगेरियनमध्ये नेताना या चुका टाळा

‘आय हॅव अ कार’ हे साधे वाक्य हंगेरियनमध्ये नेताना पहिली चूक शब्दकोश उघडताच होते. ‘हॅव’ म्हणजे मालकी असे गृहीत धरून शोधले की ‘बिर्तोकोल’ हे क्रियापद हाती लागते आणि तेच वाक्यात बसवले जाते. परंतु त्याचा अर्थ मालकी हक्काने बाळगणे असा काहीसा कायदेशीर वळणाचा आहे. दारात गाडी आहे किंवा खिशात पेन आहे, हे सांगायला ते कोणी वापरत नाही. रोजच्या ‘हॅव’साठी हंगेरियनमध्ये स्वतंत्र क्रियापदच नाही. तेथे ‘वॉन’, म्हणजे आपले ‘आहे’, एवढ्यावर काम भागते. (हंगेरियनमधला ऱ्हस्व ‘अ’ ओठ गोल करून उच्चारतात, म्हणून तो येथे ‘ऑ’ असा लिहिला आहे.)

‘नेकेम वॉन ऑउतोम’ याचा शब्दशः अर्थ ‘मला आहे गाडी-माझी’. ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यातला ‘मला’ परका वाटत नाही, आणि नेमके म्हणूनच शेवटच्या ‘म’कडे दुर्लक्ष होते. ‘पेतेरनेक वॉन ऑउतो’ हे वाक्य मराठी कानाला पूर्ण वाटले, तरी हंगेरियनमध्ये ते चूक आहे. ‘पेतेरनेक वॉन ऑउतोयॉ’ असेच म्हणावे लागते, कारण वस्तू कोणाची आहे याची खूण वस्तूच्या नावालाच जोडलेली असावी लागते. ‘नेकेम’ गाळले तरी चालते. ती खूण गाळता येत नाही. नकारातही ‘नेम वॉन’ म्हणू नये. जसे आपण ‘न आहे’ म्हणत नाही, ‘नाही’ म्हणतो, तसे तेथे ‘निंच ऑउतोम’.

किल्ली आपल्यापाशी आहे, एवढेच सांगायचे असेल तर मालकीची ही रचना उपयोगाची नाही. दाराशी उभे राहून कोणी ‘किल्ली कोणाकडे आहे?’ असे विचारले, तर उत्तर ‘नालॉम वॉन ऑ कुल्च’ असे येते, म्हणजे ‘किल्ली माझ्याजवळ आहे’. ‘माझी’ आणि ‘माझ्याजवळ’ हा भेद मराठीत रोजचाच आहे. इंग्रजी वाक्यावरून भाषांतर केले की तो हरवतो. म्हणून आधी मराठी वाक्य मनात म्हणून पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

संख्येच्या बाबतीत मात्र मराठीची सवय आड येते. दोन गाड्या असल्या तरी ‘केत ऑउतोम वॉन’ असे एकवचनच राहते. डोळ्यांचेही तसेच: निळ्या डोळ्यांच्या मुलीबद्दल ‘केक सेमे वॉन’ म्हणतात, आणि तेथे ‘सेमे’ हे एकवचन आहे. जोडीने असणारे अवयव हंगेरियनमध्ये एकच धरले जातात, इतके की ‘एका हाताने’ हे ‘फेल केझ्झेल’, शब्दशः ‘अर्ध्या हाताने’ असे सांगतात.

‘हॅव ब्रेकफास्ट’मध्ये तर ‘आहे’ही लागत नाही, ‘रेग्गेलिझिक’ या एकाच क्रियापदात न्याहारी आणि ती करणे दोन्ही येते. डोकेदुखीला ‘फाय ऑ फेयेम’, म्हणजे ‘माझे डोके दुखते’. तापाला मात्र पुन्हा मालकीची रचना: ‘लाझॉम वॉन’. ‘आय हॅव ईटन’मधल्या ‘हॅव’साठी काहीच शोधू नये, ‘एत्तेम’ हा साधा भूतकाळ पुरेसा आहे.

‘आय हॅव टू गो’ हे ‘मेन्नेम केल्ल’ होते. येथे ‘मेन्नी’, म्हणजे ‘जाणे’, या रूपालाच ‘माझे’चा प्रत्यय लागतो, आणि तो विसरणे ही फार नेहमीची चूक आहे. ‘पेतेरला जावे लागेल’ हे ‘पेतेरनेक मेन्निए केल्ल’ होते. आपला ‘ला’ आणि त्यांचा ‘नेक’ येथे एकाच जागी उभे आहेत, परंतु मराठीतले ‘जावे’ कर्त्याप्रमाणे बदलत नाही, हंगेरियनमधले बदलते.

सगळ्यात बारीक चूक केस कापण्याच्या वाक्यात होते. न्हाव्याकडून केस कापून घेतले असतील तर ‘लेवागॉत्तॉम ऑ हॉयॉम’ म्हणावे. त्यातला ‘ऑत’ हा करवून घेण्याचा प्रत्यय गळून ‘लेवाग्तॉम’ झाले, तर ऐकणारा तुम्ही स्वतःच कात्री चालवली असे समजेल.