कॉइन "स्वस्त" दिसतोय? आधी मार्केट कॅप बघा

सध्या रत्नागिरी-चिपळूणकडची बरीच पोरं बोटीवरच्या नाहीतर आंब्याच्या सीझनच्या पैशातून क्रिप्टो घेतायत, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, बिटकॉइन परवडत नाही, शिबा इनू नावाचा कॉइन एका पैशाच्या आत मिळतोय, १ रुपया झाला की सुटलो. हा हिशोब एकदा कागदावर मांडाच.

मार्केट कॅप म्हणजे एका कॉइनचा भाव गुणिले बाजारात फिरणारे एकूण कॉइन, बस. शिबाचे कॉइन आहेत सुमारे ५८९ लाख कोटी, म्हणजे भाव १ रुपया व्हायचा तर मार्केट कॅप ५८९ लाख कोटी रुपये व्हायला हवं, आणि आपल्या अख्ख्या देशाचा २०२४-२५ चा जीडीपी साधारण ३३० लाख कोटी आहे. आता तुम्हीच सांगा. नुसत्या भावावरनं काही कळत नाही, कलमांची बाग घेताना एका डझनाचा दर विचारून कोणी सौदा करतो का, कलमं किती नि पेट्या किती निघतात ते बघतोच ना.

कॉइनमार्केटकॅप नाहीतर कॉइनगेको ही वेबसाइट उघडा, कॉइनचं नाव टाका, सर्क्युलेटिंग सप्लाय (आत्ता फिरणारे कॉइन) बघा, मग मॅक्स सप्लाय (जास्तीत जास्त किती होऊ शकतात). बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाही, डोजकॉइनला मर्यादाच नाही, दरवर्षी ५०० कोटींच्या आसपास नवे येतात. फिरणारे थोडे आणि लॉक केलेले, म्हणजे अजून बाजारात न सोडलेले, ढीगभर असतील तर जपून, ते सुटले की भावावर दाब येतो, म्हणून एफडीव्ही पण बघा, ते म्हणजे सगळे कॉइन धरून काढलेलं मार्केट कॅप.

आणि मार्केट कॅप म्हणजे तिजोरीतला पैसा नव्हे हां. कोणी १०० कोटी कॉइन काढले आणि त्यातला एकच मित्राला १० रुपयाला विकला तरी कागदावर १००० कोटी दिसणार, पण तुम्ही विकायला गेलात तर घेणार कोण? त्यासाठी २४ तासांचं व्हॉल्यूम, म्हणजे दिवसभरात किती खरेदी-विक्री झाली, ते बघायचं. सप्लायही तेवढाच राहील असं नाही, मे २०२२ मध्ये लुना नावाचा कॉइन कोसळला तेव्हा थोड्याच दिवसांत ३५ कोटींच्या आसपासचे कॉइन साडेसहा लाख कोटींवर गेले, लोकांची पुंजी बुडाली त्यात, फार वाईट झालं.

नफ्यावर ३० टक्के टॅक्स नि विकताना १ टक्का टीडीएस धरूनच आकडे मांडा, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.