गोशेचा जनुकीय रिपोर्ट आला? या चुका टाळा

पोट पुढं आलेलं, पानथरी हाताला लागते, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही कमी. अशा पोराच्या मलेरिया, टायफॉइडपासून रक्ताच्या कॅन्सरपर्यंत सगळ्या तपासण्या सांगली-मिरजेत होतात. गोशे या आनुवंशिक आजाराचं (यात शरीरात एक एन्झाइम कमी पडतं) नाव निघतं ते शेवटी. मग रिपोर्ट येतो आणि घरातलं कुणीतरी त्यातलं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, मोबाईलवर शोधायला बसतं. गोंधळ सुरू होतो तो इथून.

म्युटेशनच्या नावावरून मुलाचं भविष्य ठरवू नका. जनुकाच्या दोन प्रती असतात; त्यांतल्या एकीत जरी ‘एन ३७० एस’ हे म्युटेशन असलं तरी मेंदूवर परिणाम होणारा प्रकार सहसा होत नाही, एवढं खरं. पण पानथरी किती वाढेल, हाडं कधी दुखायला लागतील, हे त्यावरून कळत नाही. सख्ख्या भावंडांत एक शाळेत असतानाच आजारी पडतं आणि दुसऱ्याचं निदान चाळिशीत होतं, असंही घडतं. आपल्याकडं जास्त सापडतो तो ‘एल ४४४ पी’. दोन्ही प्रतींत तोच असेल तर डोळ्यांच्या हालचाली तज्ज्ञाकडून तपासून घ्याच. नजर झटकन बाजूला वळत नसेल, त्यासाठी पोर मान झटकत असेल, तर तो मेंदूच्या सहभागाचा इशारा असतो. सलाईनमधून दिलं जाणारं एन्झाइम मेंदूपर्यंत पोचत नाही. पानथरी मात्र त्यानं उतरते. म्हणून परदेशातल्या ‘एन ३७० एस’वाल्या पेशंटचे अनुभव वाचून आशाही बांधू नका आणि धीरही सोडू नका.

जुन्या रिपोर्टवर ‘ल्यू ४४४ प्रो’ (म्हणजेच ‘एल ४४४ पी’) आणि नव्यावर ‘ल्यू ४८३ प्रो’ दिसलं की लॅब चुकली म्हणून भांडायला जाऊ नका. म्युटेशन तेच आहे. नव्या पद्धतीत प्रथिनाच्या सुरुवातीचे ३९ घटकही मोजतात.

नुसत्या जीन टेस्टवर थांबू नका. गोशेच्या जनुकाशेजारीच त्याची जवळपास हुबेहूब, पण निकामी नक्कल असते; यंत्राच्या वाचनात दोघांची सरमिसळ होऊ शकते. रक्तातल्या एन्झाइमची तपासणी सोबत हवीच. मात्र ते किती कमी आलं यावरून आजार किती तीव्र, हे काढत बसू नका. फॅब्री या अशाच दुसऱ्या एन्झाइमच्या आजारात उलटं: तिथं बाईचं एन्झाइम नॉर्मल येऊनही आजार असू शकतो, म्हणून जीन टेस्ट लागते.

पानथरी काढून टाकायची घाई नको. ती काढल्यावर हाडांचा त्रास वाढू शकतो.

आता घरातलं बोलणं. ‘हे सुनेच्या माहेरचं’ हे साफ चूक. गोशेत सदोष प्रत सहसा आईकडून एक आणि बापाकडून एक आलेली असते. ‘आमच्यात पहिल्यापासून मामाची पोरगी करतात, कुणाला काही झालं नाही’ हे सातारा-सांगलीत हमखास ऐकू येतं. वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेला माणूस, या आजारानं आजारी पडत नाही, म्हणून पिढ्यान्पिढ्या काही दिसत नाही. दोघंही वाहक असतील तर धोका दर गरोदरपणात २५ टक्के. एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. पोटातल्या बाळाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत होऊ शकते, पण आईबापांचं म्युटेशन आधीच माहीत असेल तर. दिवस राहिल्यावर धावपळ केली तर वेळ पुरत नाही.

उपचाराचा खर्च ऐकून घरी बसू नका. २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात ठरलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे; मुंबईचं केईएम त्यातलं एक. जाताना एन्झाइमचा आणि जीनचा, दोन्ही रिपोर्ट मूळ प्रतीत न्या.