रिलीज किती दिवसांनी? आमच्या टीमचा अनुभव

पहिल्या नोकरीत आमचं रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढणं, दर तीन महिन्यांनी असायचं. ऐकायला निवांत वाटतं. प्रत्यक्षात अडीच महिने आराम आणि शेवटचे पंधरा दिवस नुसती झुंबड. फीचर राहिलं तर पुढचा मुहूर्त थेट तीन महिन्यांनी, म्हणून जो तो कच्चं काम शेवटच्या दिवशी मर्ज करायचा, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायचा. मीही केलंय. एकदा रिलीजनंतर लॉगिनच बंद पडलं. शेकडो बदल एकदम गेलेले. नेमका कुठला नडला हे शोधण्यात रात्र गेली. चूक एका ओळीची निघाली.

कमी वेळा रिलीज म्हणजे कमी धोका, असं नव्यांना वाटतं. धोका वाढतो तो गठ्ठ्याच्या आकारामुळे. क्रोमने 2021 मध्ये सहा आठवड्यांचं चक्र चारवर आणलं ते उगाच नाही. उबंटू या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, 24.04 या आकड्यातच वर्ष-महिना असतो. तयार नसलेलं फीचर मागे राहतं, तारीख सहसा हलत नाही. (2006 मध्ये हलली होती, म्हणून ती आवृत्ती 6.06!)

आम्ही दोन आठवड्यांवर आलो आणि आधी तोंडावर आपटलो. टेस्टिंग हाताने, त्यातच चार दिवस जायचे. ते ऑटोमेट होईपर्यंत घाई करायला नको होती. दुसरा धडा रोलबॅकचा, म्हणजे बिघडलं तर जुन्या आवृत्तीवर परत येण्याचा. कोड मागे नेणं सोपं; डेटाबेसमधला कॉलम काढून टाकला असेल तर जुना कोड चालतच नाही. आता नवा कॉलम एका रिलीजमध्ये घालतो, जुना पुढच्या एखाद्या रिलीजमध्ये काढतो. तुमच्या टीममध्ये पहिल्याच आठवड्यात विचारा: मागे यायला किती वेळ लागतो? उत्तर ‘बघावं लागेल’ असेल, तर वेग वाढवायचा विषयच काढू नका.

एवढं जमल्यावर ग्राहक वैतागले. सॉफ्टवेअर त्यांच्या सर्व्हरवर, दर पंधरवड्याला कोण बसवणार? त्यांचंही बरोबर होतं. मायक्रोसॉफ्टने 2003 पासून पॅचसाठी, म्हणजे छोट्या दुरुस्त्यांसाठी, महिन्याचा दुसरा मंगळवार धरला, तो ॲडमिन मंडळींना आधीच तयारी करता यावी म्हणूनच. शेवटी आम्ही दोन चक्रं ठेवली: आमच्या टेस्ट सर्व्हरवर दोन आठवड्यांनी, ग्राहकांकडे सहा महिन्यांनी. सुरक्षेचा पॅच मात्र कुठल्याच तारखेची वाट बघत नाही. तो तयार झाला की त्याच दिवशी जातो, एकटा, सोबत एकही फीचर न घेता.