क्रूझवर इन्सुलिन नेताना

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ बुक केलीत आणि घरात कुणी इन्सुलिन घेणारं असेल, तर केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका. बऱ्याच जहाजांवर तो नुसता मिनीबार असतो. पाण्याची बाटली गार होते, पण न उघडलेल्या इन्सुलिनला लागणारं २ ते ८ अंश तापमान टिकेलच असं नाही. बुकिंग करतानाच कंपनीला ईमेल करून औषधासाठी वेगळा फ्रिज मागा आणि आलेलं उत्तर जवळ ठेवा. केबिनचाच फ्रिज वापरायचा झाला, तर आत छोटा थर्मामीटर ठेवून रात्री आणि सकाळी बघा.

औषध हातातल्या बॅगेतच हवं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. मोठं सामान बंदरावर जमा केलं की केबिनमध्ये पोचायला काही तास लागू शकतात, आणि तोवर ते कुठे उन्हात पडलंय कुणास ठाऊक!

आइस पॅक लावताना मात्र सांभाळा. इन्सुलिनचं पेन (पेनाच्या आकाराचं इंजेक्शन) नॅपकिनमध्ये गुंडाळा, बर्फाला थेट टेकू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही, फेकूनच द्यायचं. पाण्यात भिजवून वापरायचे थंड पाउच समुद्राच्या दमट हवेत कमी पडतात.

वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण चार आठवडे बाहेर चालतं. नेमकी मुदत खोक्यातल्या पत्रकात बघा.